टाकीवरची पाच बोटं

मीठ मी आजही चोरूनच आणते. स्वयंपाकघर माझं, बरणी माझी, ती भरणारीही मीच; तरी खड्याच्या मिठाची मूठ घेऊन मागच्या दाराने शेडकडे जाताना माझा हात आपोआप ओढणीखाली जातो. ही सवय आत्यामुळे लागली. मीठ जमिनीवर सांडलं तर पुढच्या जन्मी पापण्यांनी वेचावं लागतं, असं ती सांगायची आणि सांगताना माझ्या पापण्यांकडे रोखून बघायची, त्या कामाला पुरतील की नाही याचा अंदाज घेतल्यासारखी. आत्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मीही आता साठी ओलांडली. हात काही ओढणीबाहेर येत नाही.

हे मीठ मला मोटरसायकल रंगवायला लागतं. टाकीवर आधी ॲल्युमिनियमचा चांदीसारखा रंग मारायचा. तो वाळला की जिथे पुढे रंग उडालेला दिसायला हवा तिथे पाण्याचा हात फिरवून खडे मीठ चिकटवायचं आणि वरून मळकट हिरवा रंग मारायचा. तोही वाळल्यावर ओल्या फडक्याने मीठ चोळून काढलं की खालची चांदी जागोजागी उघडी पडते, आणि परवा दुकानातून आणलेली टाकी जुन्या लढाऊ विमानाच्या अंगासारखी दिसायला लागते. हल्ली गिऱ्हाईकं फोनवर कुठल्यातरी परदेशी मोटरसायकलचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "आंटी, बिलकुल असंच पायजे." त्यांना वाटतं मी हे फोनवर बघून शिकले. मी ते इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शिकले, आणि ते करत राहता यावं म्हणून घरातल्या तीन वडीलधाऱ्यांशी आणि महूच्या एका मेजरशी भांडले. त्या भांडणाचं आता काही वाईट वाटतं का, असं माझी भाची परवा विचारत होती. नाही वाटत. तेवढं सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

तेव्हा सुदामा नगरात घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. वारा सुटला की काळ्या मातीची धूळ उठायची आणि सगळ्यांच्या ताटात येऊन बसायची. आमच्या घराला आवाज दोन होते. पुढच्या व्हरांड्यात आई गणिताच्या शिकवण्या घ्यायची, तिथून सूत्रं म्हणणाऱ्या मुलांचा एकसुरी गजर यायचा. आणि मागच्या शेडमधून पॉलिश पेपरची खरखर आणि मधूनच कॉम्प्रेसरची धडधड. मधल्या खोलीत आत्या दोन्हीकडे कान ठेवून बसलेली. ती बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली ती घराची मालकीण होऊनच. आमचे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते, त्यांची तलवार आत्याच्या कपाटात लुगड्यांखाली असायची. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर निघायची. घरातली बाकीची हत्यारंही त्या दिवशी तिच्या शेजारी पाटावर बसायची: बाबांचे पाने, हातोड्या, आईचा लाकडी कंपास, विळी, कात्री. आत्या तेलात कुंकू कालवायची, पाच बोटं बुडवायची आणि तलवारीच्या म्यानावर वरून खाली ओढायची. हळदकुंकू लावणं वेगळं आणि ही पाच बोटं वेगळी. ती फक्त म्यानाला मिळायची.

खाण्यात मात्र आम्ही पुरते इंदुरी झालो होतो. वरणभातावर तुपाच्या आधी शेव पडायची. रविवारी बाबा बड्या गणपतीच्या देवळाच्या बाजूने जिलबी आणायचे आणि आई पोह्यांवर जिरावन मसाला इतका भुरभुरायची की पुण्याहून येणारी मामी म्हणायची, "वन्सं, पोहे कुठे आहेत यात?" पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस परतायला घेतला की दुधाचा आणि हिंगाचा वास शेडपर्यंत यायचा, आणि बाबा हातातलं काम तसंच टाकून आत यायचे. थिनरचा वास आणि किसाचा वास, हे दोन एकत्र आले की मला आजही भूक लागते. डॉक्टरांना सांगितलं तर ते थिनर बंद करा म्हणतील, म्हणून सांगत नाही.

बाबा वायुदलात होते. असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "पायलट?" पायलट नाही. एअरफ्रेम फिटर. विमानाचा सांगाडा आणि त्यावरचा पत्रा, तो फाटला की ठिगळ लावायचं, रिवेट मारायचे, रंग द्यायचा, हे त्यांचं काम. आयुष्यभर त्यांनी विमानं उडण्याजोगी केली आणि स्वतः एकदाही उडवलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं एका जॅकखाली सापडली आणि ती कायमची ताठ झाली, तेव्हा सार्जंटच्या हुद्द्यावरून ते घरी आले आणि मागच्या अंगणात शेड टाकून स्कूटर-मोटरसायकलींचं डेंटिंग-पेंटिंग करू लागले. दोन बोटं ताठ असली की रंगाच्या गनचा चाप नीट दबत नाही, रंग ओघळतो. पहिल्यांदा त्यांनी गन माझ्या हातात दिली तेव्हा मी शाळेत होते. दिली म्हणजे काय, वैतागून माझ्याकडे सरकवली. माझ्या हातून रंग ओघळला नाही. बी.ए.चा निकाल लागेपर्यंत शेडमधलं जवळपास सगळं रंगकाम मीच करत होते, आणि हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की बाबा गन हातात घेऊन उभे राहायचे आणि मला आत चहा करायला पाठवायचे. "लोगों को भरोसा नहीं होता, बेटा," ते म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. राग सांगितला नाही, पण चहात साखर कमी पडायची.

आईच्या मनात माझ्यासाठी बी.एड. होतं. तिने फॉर्म आणून जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला होता, म्हणजे दोन वेळा माझ्या ताटाखाली तोच. पाढे म्हणवून घेणारी बाई. तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर शेवटच्या ओळीत हवं असायचं. शेड म्हणजे तिच्या हिशोबी न सुटलेलं गणित होतं. दसऱ्यानंतर लगेच फॉर्मची शेवटची तारीख होती.

मेजर साहेब आले ते श्रावणात. जवळच्या महू छावणीत राहणारे, निवृत्त, बोलण्यात मराठी थोडी आणि हुकूम जास्त. लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जुनी मोटरसायकल त्यांनी टेम्पोत टाकून आणली होती. टाकी गंजून तिची चाळण झाली होती. त्यांनी खिशातून एक काळापांढरा फोटो काढला. विमानाच्या पंखाशी टेकून उभा असलेला एक हसरा तरुण. "माझा मोठा भाऊ," ते म्हणाले. "हे त्याचं विमान. दोघंही परत नाही आले. मला गाडी अशी पायजे. चकचकीत नाही पायजे, सार्जंट. जशी ती होती तशी. घिसीपिटी." भावाच्या जयंतीला, दसऱ्याच्या संध्याकाळी, त्याचे जुने मित्र महूला जमायचे. तिथे ते ती गाडी घेऊन जाणार होते. मी दाराआडून फोटो पाहिला. कॉकपिटच्या कडेखाली पांढऱ्या अक्षरांत भावाचं नाव होतं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक नाव, वाचता न येणारं. चहा द्यायला गेले तेव्हा मी विचारलं, "हे खालचं कोणाचं?" मेजर साहेब म्हणाले, "असेल कोणी मेकॅनिक." बाबांनी चहाचा कप उचलला आणि बराच वेळ पीत राहिले. नंतर मला म्हणाले की काही ठिकाणी विमान सांभाळणाऱ्याचं नावही लिहायची पद्धत होती. त्यांचं कुठे लिहिलं गेलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांचं तोंड बघूनच कळलं.

त्या संध्याकाळी मी जेवताना सांगितलं की ही गाडी मी करणार, आणि शेडमध्येच राहणार, बी.एड. करणार नाही. आत्या म्हणाली, "पोरीची जात, आणि अंगाला तेलापेक्षा थिनर जास्त." आईने भाताचं पातेलं पुढे ओढलं. भात वाढून झाल्यावर तिने अट घातली, तिच्या पद्धतीने, एका वाक्यात: मेजर साहेब गाडी एकही तक्रार न करता घेऊन गेले तर फॉर्म मी फाडीन, एक तरी तक्रार झाली तर तू भरशील. मी हो म्हटलं. एकवीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातावर जितका भरवसा असतो तितका पुढे कधी राहत नाही.

गंजलेली टाकी बाबांनी काढून टाकली आणि आमच्या भंगारातली तशीच एक टाकी ठोकून सरळ करून दिली. पुढचं सगळं माझं. विमानाच्या पत्र्यावर रिवेटच्या रांगा असतात, त्या टाकीवर कशा आणायच्या यावर बाबा दोन दिवस डोकं खाजवत होते. मी आत्याच्या रांगोळीच्या डब्यातला ठिपक्यांचा कागद आणला. उदबत्तीने समान अंतरावर भोकं पाडलेला तो कागद सगळ्यांच्या घरी असतो. त्याच्या पट्ट्या कापून टाकीच्या वळणावर चिकटवल्या आणि कंपाउंडरकडून आणलेल्या सिरिंजने प्रत्येक भोकातून पातळ पुट्टीचा एकेक ठिपका सोडला. वाळल्यावर कागद सोलला तेव्हा बाबा टाकीवर हात फिरवून म्हणाले, "ये तो असली है." त्यांची ताठ बोटं रांगेवरून दोनदा गेली. माझ्या कामाला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि ती रांगोळीच्या कागदामुळे मिळाली म्हणून आत्याही खूश झाली.

मिठाचं काम पहिल्या वेळी फसलं. मी चांगलं ओंजळभर मीठ टाकीवर सगळीकडे सारखं पसरलं. रंग मारला, मीठ काढलं. टाकी देवी आल्यासारखी दिसत होती. बाबांनी एक नजर टाकून सगळा रंग खरवडायला लावला. "विमानाचा रंग असाच कुठेही नाही जात," ते म्हणाले. "चढताना जिथे बूट लागतो तिथला जातो. झाकण उघडताना जिथे हात घासतो तिथला जातो. तुझ्या विमानावर माणसं होती का उंदीर?" मग आम्ही मेजर साहेबांना बोलावून उघड्या सांगाड्यावर टाकी ठेवून बसवलं. बाबा त्यांच्याशी गप्पा मारत होते आणि मला अर्थातच आत पाठवलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चहा घेऊन गेले तेव्हा साहेबांचं माझ्या हिरव्या नखांकडे लक्ष गेलं. "हाताला काय लावलंय?" "मटार सोलत होते," मी म्हटलं. भर भादव्यात मटार. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. बाबांनी मान खाली घातली, आणि मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली. हे लिहिताना हात थोडा अडतो, पण वाटली ती वाटली.

नवरात्रातल्या अष्टमीला टाकीचं शेवटचं मीठ काढलं. दोन्ही बाजूंना गुडघे घासतील तिथे, झाकणाभोवती, पुढच्या कडेला चांदी उघडी पडली होती, आणि भावाचं नाव वर पांढऱ्या अक्षरांत नीट बसलं होतं. आता फक्त वरचा पारदर्शक, बिनचमकीचा थर राहिला होता, पण मीठ पाण्याने काढलेलं असल्यामुळे टाकी एक रात्र पूर्ण वाळू द्यायला हवी होती. त्याआधीच्या त्या हिरव्या रंगाला काही कवच नसतं. बोट लावलं तरी त्याचा डाग धरतो. संध्याकाळी धूळ उडायला लागली म्हणून मी टाकी उचलून घरात आणली. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. कोपऱ्यात पाट दिसला. मी टाकी पाटावर ठेवली आणि निर्धास्त झाले.

दुसरा दिवस खंडेनवमी. मी सकाळी झेंडू आणायला बाहेर गेले. परत आले तेव्हा आत्या पूजा आटोपून उदबत्ती ओवाळत होती. पाने, हातोड्या, कंपास, कात्री, मधोमध तलवार, आणि तलवारीच्या शेजारी पाटावर माझी टाकी. तिच्या उजव्या अंगावर, भावाच्या नावापासून चार बोटं दूर, तेलातल्या कुंकवाची पाच बोटं वरून खाली ओढलेली.

मी झेंडूची पिशवी तिथेच टाकली. आत्या मागे वळून म्हणाली, "काय झालं?" मी काय झालं ते सांगितलं, आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण मुलांची सूत्रं थांबली. आत्या जराही डगमगली नाही. "पाटावर होती. खंडेनवमीला पाटावर ठेवलेलं मी नाही पुजणार तर कोण पुजणार? तू सांगितलं होतंस का, की बाई हे पाटावर आहे, पण पुजू नको?" नव्हतं सांगितलं. चूक माझीच होती, आणि अशी चूक आमच्यासारख्याच घरात होऊ शकते. मी थिनरच्या फडक्याने कुंकवातल्या अंगठ्याच्या ठशाच्या टोकाला हलकेच पुसून पाहिलं. हिरवा रंग निघून आला आणि कुंकू गुलाबी होऊन पसरलं. आत्याने माझं मनगट धरलं. "आज पुजलेलं आज पुसत नाहीत." टाकी पहिल्यापासून करायला तीन दिवस हवे होते. मेजर साहेब उद्या सकाळी येणार होते.

आई व्हरांड्यातून आली, टाकी बघितली, टेबलाची काच उचलून फॉर्म बाहेर काढला आणि वर पेन ठेवलं. मग कपाटातून फळ्याच्या खडूचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. "तेल शोषून घेईल," एवढंच म्हणाली. तिचं मला त्या दिवशी काही कळलं नाही. मी खडू कुटून त्याची पूड कुंकवावर पसरली. तेल पुडीत उतरलं, कुंकू रंगात राहिलं.

बाबा स्टुलावर बसून होते. म्हणाले, "आमच्या हँगरमध्ये दसऱ्याला नारळ फुटायचा. टूलबॉक्सला हळदकुंकू लागायचं. विमानाला लावायची परवानगी नव्हती. तरी चाकाच्या खोबणीत, जिथे इन्स्पेक्शनवाला वाकून बघत नाही, तिथे एक बोट असायचंच."

"कोणाचं?"

बाबा हसले. मग म्हणाले, "टाकी तुझी आहे. तू ठरव." म्हणजे बाबांनी कुंकूही लपवलं होतं आणि मलाही लपवलं होतं, दोन्ही प्रेमानेच. मला त्यांच्यावर माया आली आणि तितकाच संतापही आला. मी गन उचलली आणि कुंकवासकट टाकीवर पारदर्शक थर मारला. दोन हात. आता ती बोटं कोणाला पुसता येणार नव्हती, मलासुद्धा.

दसऱ्याला अकराच्या सुमाराला मेजर साहेब आले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला आपट्याचं पान. गाडी अंगणात उभी होती. ते डाव्या बाजूने आले, थांबले, बघत राहिले. मग फिरून उजव्या बाजूला गेले.

"सार्जंट, ये क्या है?"

"कुंकू आहे," मी म्हटलं.

"मी सार्जंटला विचारतोय. मला विमान पायजे होतं, देवघर नाही. पुसा ते."

"पुसलं जाणार नाही. आणि काम मी केलंय साहेब, मला विचारा."

त्यांनी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता बाबा चहा करायला सांगणार. बाबा स्टुलावरून उठले. "एकेक रिवेट तिचा आहे, साहेब. मी फक्त बसून होतो. तुम्हाला आधी सांगायला पायजे होतं. नाही सांगितलं, ही माझी गलती."

मेजर साहेबांचा चेहरा लाल झाला. फसवणूक झाली, भावाच्या मित्रांसमोर हे घेऊन जाऊ का, महूत चांगला रंगारी आहे, तो दोन तासांत टाकी साधी हिरवी करून देईल, असं बरंच बोलले. आई दारात उभी राहून ऐकत होती. तक्रार झाली होती. एक नाही, मोजून चार. माझं जे जायचं ते गेलं होतं, आणि कसं कोण जाणे, त्यामुळे मला एकदम मोकळं वाटलं. मी पाना उचलला, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि टाकीचे बोल्ट सोडवायला बसले.

"हे काय करून राहिली?"

"टाकी आमची आहे. तुमची सडकी तिकडे भिंतीशी पडलीय, ती न्या आणि तिला पायजे तो रंग द्या. या टाकीवरचं काहीही कोणी पुसणार नाही. जिने पुजलं ती माझी आत्या आहे, आणि तिने ते पाहुण्यांच्या गाडीला नाही, घरच्या तलवारीला लावतात तसं लावलंय."

मागे आत्याचं "हौ" ऐकू आलं. मी पुढचे दोन बोल्ट काढले आणि मागच्याकडे वळले. मेजर साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "हे डावीकडचं घासलेलं असं बाहेर का गेलंय? उजवीकडे नाही तसं."

"तुमचा डावा गुडघा बाहेर पडतो. उजव्यापेक्षा दोन बोटं. त्या दिवशी बसला होतात तेव्हा मी खिडकीतून पाहिलं."

डाव्या पायात त्यांच्या काहीतरी जुनं दुखणं होतं. चालताना साहेब ते इतकं बेमालूम लपवायचे की बाबांनाही कधी दिसलं नव्हतं. त्यांनी सैल टाकीवर हात ठेवला, गाडीवर पाय टाकून बसले. डावा गुडघा बरोबर त्या उघड्या चांदीवर येऊन टेकला. उजवा हात कुंकवापाशी गेला आणि तिथेच राहिला.

"बोल्ट परत कस," ते म्हणाले.

मी कसले. शेवटचा बोल्ट बसला तशी आई अंगणात उतरली. हातात फॉर्म आणि पेन.

"तक्रार झाली," ती म्हणाली. "अट अट असते."

खरं होतं. अट मी मान्य केली होती, आणि आई खोटं कधी बोलली नव्हती. मी तिच्या हातून फॉर्म घेतला. पेन घेतलं नाही. कागद चांगला जाड होता. शेडमधल्या लाकडी फळीवर तो ठेवला, पट्ट्या कापायचं ब्लेड घेतलं आणि 'अर्जदाराचे नाव' असं छापलं होतं त्याच्यापुढे, त्या रिकाम्या ओळीत, अक्षरं कापायला लागले. त, त्याला काना, र, त्याला काना. माझं नाव कापायला सोपं आहे, त्यात कुठे बंद गोल नाही. सगळे बघत होते. आई म्हणाली, "तारा, काय करतेस?" मी म्हटलं, "फॉर्म भरतेय."

मग मी तो फॉर्म टाकीवर भावाच्या नावाखाली धरला, कडा कागदाने झाकल्या, आणि कोणालाही न विचारता पांढऱ्या रंगाचा एक हलका फवारा मारला. फॉर्म उचलला तेव्हा तिथे माझं नाव होतं, बारीक, वरच्या नावाच्या निम्म्या उंचीचं, वाचता येणारं. बाबा जवळ आले. त्यांनी ते नाव वाचलं, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत उभे राहिले. मेजर साहेब अजून गाडीवरच होते. आता ते टाकीच उतरवून टाकतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "वाळायला किती वेळ?"

"अर्धा तास."

"मग जेवूनच जातो," ते म्हणाले, आणि आत्या पुऱ्या तळायला आत धावली.

ती गाडी संध्याकाळी महूला गेली, कुंकवासकट आणि माझ्या नावासकट. पुढे त्या मंडळींपैकी दोघांनी आपल्या गाड्या आमच्याकडे पाठवल्या, आणि पाठवताना निरोप सार्जंटसाठी दिला नव्हता, मुलीसाठी दिला होता. त्यानंतर गिऱ्हाईक आलं की बाबाच आत जाऊन चहा ठेवायचे. चहा वाईट करायचे. तो फॉर्म आज माझ्या शेडमध्ये गनच्या खिळ्याशेजारी टांगलेला आहे; कडांना पांढरा रंग, मधे भोकं. विचारणाऱ्यांना मी सांगते की हे माझं शिक्षण.

पण त्या दुपारचं एक राहिलं. श्रीखंडाची ताटं वाढून झाली होती. मी हात धुवायला मोरीकडे जाताना बघितलं, आई फॉर्म घेऊन खिडकीशी उभी होती. तिने तो उजेडासमोर धरला होता, वह्या तपासताना धरायची तसाच, आणि कापलेल्या अक्षरांमधून ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. मी थांबले. आता बोलणी बसणार असं वाटून मी खांदे ताठ केले. तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा फॉर्म वाचला.

"आडनाव राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.

तिने फॉर्मची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.